हात मांडीखाली ठेवून

रविवारचे सव्वातीन वाजलेत आणि केतन बोराटे पेटी पुसता पुसता झोपेच्या काठावर येऊन बसला आहे. अगदी काठावर, एक पाय इकडे आणि एक तिकडे. पंखा फिरतोय तो इकडचा. पण पंख्याखाली कुणीतरी भाकरी थापतंय तो आवाज इकडचा नाही, कारण आईनं स्वयंपाकघर केव्हाच आवरलंय आणि ती आतल्या खोलीत टीव्हीसमोर घोरते आहे. टीव्हीतली सून तिला काहीतरी महत्त्वाचं सांगतेय, पण तिला त्याचं काही नाही.

पाच वाजता मलठणचं भजनी मंडळ पेटी न्यायला येणार आहे. पेटी अण्णांची, केतनच्या वडलांची. अण्णांना जाऊन पुढच्या आठवड्यात वर्ष होईल, त्याच्या आत ती वाजत्या जागी द्यायची असं आईनं ठरवलं. "इथं राहिली तर झुरळं भजन करतील तिच्यात," ती म्हणाली. केतनला नको म्हणायचं होतं. पण त्याला पेटी वाजवता येत नाही, नुसता भाता मारता येतो. तेवढ्यावर नको म्हणणं शोभत नाही, म्हणून फडकं त्याच्या हातात आलं.

चटईवर मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून तो पुसतोय. फडकं काळी चारच्या पट्टीवर थांबतं. डोळे मिटतात. उघडतात.

पेटीच्या पलीकडं अण्णा बसलेत.

"पुसतोयस का कुरवाळतोयस?" अण्णा विचारतात.

अंगात तोच राखाडी अर्धा स्वेटर. डावा हात मांडीवर ठेवलेला. ठेवलेला म्हणजे उजव्या हातानं उचलून ठेवलेला. शेवटचे अकरा महिने तो असाच असायचा, कुणीतरी गावाला जाताना सांभाळायला दिलेल्या सामानासारखा.

"अण्णा, तुम्ही गेलात ना?" केतन विचारतो. एसटी गेली का विचारावं तसं.

"गेलो की."

"मग?"

"हयातीचा दाखला द्यायला आलोय. नोव्हेंबर संपत आला."

केतनला यात काहीच वावगं वाटत नाही. अण्णा पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक. दर नोव्हेंबरात इस्त्रीचा शर्ट घालून ते बँकेत जायचे आणि आपण जिवंत आहोत असं लिहून, खाली सही ठोकून यायचे. येताना जिलबी आणायचे. जिवंत असल्याची जिलबी.

"पण आता कशाला दाखला?"

"आता जास्त कडक आहे. जिवंत माणूस जिवंत आहे हे कुणालाही दिसतं. आमचं तपासावं लागतं. चल, ऊठ, टोकन घे."

केतन उठतो, आणि तो सरळ उभा राहीपर्यंत खोलीची बँक झालेली असते. पंखा तोच आहे, फक्त आता लांब दांड्याचा. पायाखाली चटईसुद्धा तीच, पण ती पार दारापर्यंत पसरली आहे आणि तिच्यावर रांग उभी आहे. रांगेतल्या प्रत्येकाच्या काखेत स्वतःचा हार घातलेला फोटो. एक आजी पदरानं आपल्याच फोटोची काच पुसताहेत. एक फेटेवाले दुसऱ्याच्या फोटोकडं बघून म्हणतात, "तुमचा जुना दिसतोय." दुसरे म्हणतात, "पोरांना हाच सापडला. लग्नातला आहे. शेजारी ही होती, तिला कापलं."

"हार ताजा लागतो," अण्णा हळूच सांगतात. "आपला नाकारला मागच्या खेपेला."

"का?"

"चंदनाचा आहे ना. प्लॅस्टिकच्या पिशवीतला. एकदा घातला की बघायला नको असा."

केतन मान खाली घालतो. तो हार त्यानंच आणला होता. रोज फुलं कोण आणणार, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं, आणि त्याच दुकानात त्यानं मोबाईलचं कव्हरही घेतलं होतं.

"वाईट नव्हता," अण्णा म्हणतात. "वास येतो. पण ते म्हणतात, यातनं कुणी आठवण काढल्याचं सिद्ध होत नाही."

टोकनचा आकडा पुकारला जातो. आकडा कुठला ते कळत नाही, पण आपलाच आहे हे कळतं. खिडकीपलीकडं साबणे मॅडम बसल्यात, अण्णांच्या आजारपणात घरी यायच्या त्या. डोळ्यांवर चष्मा, गळ्यात दोरीला पेन.

"मॅडम, तुम्ही तर जिवंत आहात," केतन म्हणतो.

"माझी इथं प्रतिनियुक्ती आहे. शनिवारपुरती."

"आज रविवार आहे."

"तुम्ही दिवसांचं बोलू नका," त्या म्हणतात आणि ड्रॉवरमधून एक दोनशेपानी वही काढतात.

वही केतन लांबूनच ओळखतो. ती वही इथं कशी आली हे तो विचारत नाही. ती कुठंही येऊ शकते. गेलं वर्षभर ती त्याच्या मागं सगळीकडं आलेली आहे.

मागच्या वर्षीच्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी अण्णांना लकवा मारला. डावी बाजू गेली. तोंड महिन्याभरात बरंचसं सरळ झालं, पाय काठी घेऊन चालू लागला, हात मात्र राहिला. आणि अण्णांचा डावा हात म्हणजे भात्याचा हात. चाळीस वर्षं ड्यूटीवरून आल्यावर हा माणूस फलटणच्या प्रत्येक भजनात, प्रत्येक हौशी नाटकात पेटीला बसला होता. उजवा हात शाबूत होता, बोटं पट्ट्यांवर पळत होती, पण हवाच नाही तर वाजणार काय? नुसती टकटक. टाइपरायटरसारखी.

मग बारामतीहून साबणे मॅडम येऊ लागल्या, दर दुसऱ्या शनिवारी. घरी येऊन संगीतानं हाताचा व्यायाम घेणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "गोळ्या डॉक्टर देतील. मी फक्त पेटी देणार, आणि तीही तुमचीच." अण्णांचा डावा पंजा त्यांनी जुन्या मफलरनं भात्याला बांधला. मोबाईलवर संथ ठेका लावला. एका आवर्तनात भाता पुढं, एका आवर्तनात मागं, उजव्या हातानं साधी भूपाची सरगम. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस. "सूर तुटेल, फुसकेल, मध्येच मरेल. मरू द्यायचा. कानाला सूर पुरा हवा असतो, तो हाताच्या मागं लागतो. हात शिकतो तो त्या हट्टापायी. हे पहिले काही महिनेच फार चांगलं चालतं." मग केतनकडं वळून, "आणि तुम्ही समोर बसून हात मांडीखाली ठेवायचे. अगदी खरोखर मांडीखाली. घरातल्यांना राहवत नाही, म्हणून सांगते."

रोज ध्वनिमुद्रण पाठवायचं आणि वहीत रकाने भरायचे. तारीख, मिनिटं, बरोबरची खूण.

केतननं चार दिवस हात मांडीखाली ठेवले. चार दिवस अण्णांचा सा पंक्चर काढायच्या पाण्यात बुडवलेल्या ट्यूबसारखा निघत होता. एक बुडबुडा, मग काही नाही, मग दुसरा बुडबुडा. ज्याच्या पेटीवर गाव डोलायचं त्या माणसाचं तोंड त्या आवाजानं कसं व्हायचं, ते केतनला बघवेना. शिवाय साडेआठला त्याची ऑनलाइन मीटिंग असायची. पाचव्या दिवशी त्यानं मफलरवर आपला हात ठेवला आणि भाता मारला. जरासा.

भूप खोलीभर पसरला. अण्णांनी डोळे मिटले. अर्ध्या तोंडानं हसले. उरलेलं अर्धं तेव्हा रजेवर होतं.

"बघा अण्णा," केतन म्हणाला, "आपण दोघं मिळून एक पेटीवाला झालो."

अण्णा खूप हसले होते त्यावर. खोकला लागेपर्यंत.

त्या दिवसापासून असंच सुरू झालं. सहा मिनिटांत सगळं आटपायचं. वहीत वीस. साबणे मॅडमचा फोनवर अंगठा यायचा, 'भाता छान स्थिर झालाय' म्हणून. मधले दोन महिने त्यांना यायला जमलं नाही; आल्यावर त्यांनी समोर बसून सांगितलं, "आता केतनना पलीकडं बसू दे, तुम्ही एकटे वाजवा." अण्णांनी सा दाबला. भाता हलला नाही. ठेका मात्र मोबाईलवर इमानेइतबारे चालू होता. मॅडमनी अण्णांकडं पाहिलं, केतनकडं पाहिलं, वही उघडून पानं चाळली, आणि एकच वाक्य बोलल्या.

तेच वाक्य त्या आता खिडकीपलीकडून बोलतात.

"वही छान भरलीय."

केतन टोकन उलटसुलट करून बघतो. तेव्हा त्यानं मोबाईलवरचा ठेका बंद केला होता.

"दिगंबर बाबूराव बोराटे," मॅडम वाचतात. "डाव्या हाताचा अंगठा."

अण्णा हाताकडं बघतात. रांगेतले सगळेच हाताकडं बघतात. हात मात्र कुणाकडं बघत नाही.

"उजवा चालेल का?" केतन विचारतो.

"उजव्यावर कुणाचा संशयच नाही. अंगठा नसेल तर दुसरा पुरावा. एक सरगम, वर जाऊन खाली. आपल्या भात्यावर."

"आणि नाही जमली तर?"

"तर परवानगी नाही. पुढल्या वर्षापासून स्वप्नात येता येणार नाही, फोटोत बसायचं." त्या आवाज खाली आणतात. "चंदनाचा हार असला तरी."

खिडकीचा कट्टा पेटी झालेला आहे. भात्याला मफलर आहेच. अण्णा उजव्या हातानं डावा उचलून त्यात सरकवतात, आणि मांडी घालून बसतात ते ओल्या गवतावर, कारण बँक आता उरलेली नाही. हा कालव्याचा भराव आहे. उजवा कालवा, अण्णांच्या सायकलीचा रस्ता. रांग बांधावर बसून घेते. कुणीतरी शेंगा काढतं. मॅडम एका मैलाच्या दगडावर बसतात आणि वही मांडीवर घेतात.

कालवा कोरडा आहे.

"पाणी सोडलंय वरनं," अण्णा म्हणतात. "येईल."

"कधी?"

"तुला किती वेळा सांगितलंय. खांदा म्हणजे हेड, कालव्याचं तोंड, आणि बोटं म्हणजे टेल, शेवटचं टोक. दार उघडलं म्हणून टेलला लगेच पाणी येत नाही. आधी भेगा पितात, मग उंदरांची बिळं पितात, मग उरलं तर पुढं जातं. दीड दिवस धर."

हे अण्णा खरंच सांगायचे, हाताचे व्यायाम करताना, येणाऱ्याजाणाऱ्याला. लोकांना वाटायचं म्हातारा आजारातही खात्याचं बोलतो.

अण्णा सा दाबतात. काहीच येत नाही. भाता ढिम्म. केतनला दिसतं की खांद्यात काहीतरी हललंय, स्वेटरच्या आत, मुंगी गेल्यासारखं. पण तेवढंच.

"उशीर होतोय," रांगेतून फेटेवाले म्हणतात. "आम्हालाही माघारी जायचंय."

केतनचा हात भात्याकडं निघालेला असतो. त्यानं काढलेला नाही. तो आपणहून निघालाय, रोजच्या वाटेनं बैल निघावा तसा. मफलर बोटांना लागतो. तो कोमट आहे. एक जरासा दाब दिला की सा येईल, मग रे, मग ग, दाखला मिळेल, अण्णा पुढच्या नोव्हेंबरला येतील. मॅडम वहीत बघताहेत. त्यांना कळणारसुद्धा नाही.

"आणि मग पुढच्या वर्षी?" अण्णा विचारतात.

"पुढच्या वर्षी पण मारीन की मी भाता."

"मारशील रे. तू मारशीलच." ते त्याच्याकडं बघत नाहीत, कोरड्या कालव्याकडं बघतात. "मधल्यांनी कालव्यात चोरून पाण्याच्या मोटारी टाकल्या की त्यांचा ऊस कसा तरारतो, बघितलायस ना. वरनं बघणाऱ्याला वाटतं, काय हिरवंगार रान आहे. टेलला थेंब नाही ते त्याला दिसत नाही."

केतनचा हात मफलरवरच राहतो.

"अण्णा, एक विचारू?"

"विचार की. त्यासाठीच तर झोपलायस."

"माझ्यामुळं राहिला का हात?"

शेंगा फोडायचा आवाज थांबतो. आजी फोटो पुसायच्या थांबतात. हा प्रश्न केतननं अकरा महिने अण्णांसमोर बसून विचारला नाही आणि नंतरचं वर्षभर त्यांच्या फोटोसमोर उभं राहून विचारला नाही. त्याऐवजी तो विनोद सांगत राहिला. दहाव्याला कावळा शिवेना तेव्हासुद्धा तो म्हणाला होता, "त्याची मीटिंग असेल."

"काय माहीत," अण्णा म्हणतात.

"असं कसं?"

"मला तरी कुठं ठाऊक. कदाचित आला असता. कदाचित नसता आला. कितीतरी जणांचा येत नाही. पण आपण बघितलंच नाही ना, केत्या. तू भाता मारलास, आणि मी मारू दिला."

"तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, हात काढ म्हणून."

"म्हणणार होतो. रोज सकाळी म्हणणार होतो." अण्णा हसतात, आता तोंड दोन्ही बाजूंनी हसतं. "पण मग भूप लागायचा. आणि तू समोर इतका जवळ बसायचास. एरवी तू असायचास कुठं, त्या कानातल्या गोळ्या घालून साहेबाशी बोलत. ती सहा मिनिटं तुझा हात माझ्या हातावर असायचा. मला वाटायचं, हाताचं काय, बघू उद्या."

केतनला काहीतरी विनोदी बोलायचं असतं. ते अर्ध्यातच फुसकतं, सकाळच्या सा-सारखं.

"विसाची सहा करायची नव्हती रे," अण्णा म्हणतात. "तेवढंच माझं म्हणणं. वीस बसला असतास. आवाज वाईट आला असता, येऊ दे. बसला असतास."

कालव्याच्या तळाशी एक ओला डाग उमटलेला आहे. पाणी म्हणता येणार नाही. पाणी येणार असल्याची बातमी म्हणता येईल.

"काढ हात," अण्णा म्हणतात.

केतन मफलरवरचा हात काढतो. तो जड झालाय. दुसऱ्या हातालाही तो बरोबर घेतो, कारण त्याचाही भरवसा नाही. दोन्ही तळवे खाली करून मांड्यांखाली सरकवतो, आणि वर आपलं सगळं वजन टाकून बसतो. गवत टोचतं. गवत चटईसारखं टोचतं.

"कुठं आहेत हात?" अण्णा विचारतात.

"मांडीखाली."

"खरंच का वहीतल्यासारखे?"

"खरंच. मॅडमना विचारा."

मॅडम मान हलवतात. पण वहीत खूण करायला त्या पेनचं टोपण काढत नाहीत.

अण्णा सा दाबून धरतात. ठेका कुठून येतोय कळत नाही, बहुतेक मैलाच्या दगडातून. एक आवर्तन जातं. दुसरं जातं. रांग चुळबुळते. केतनच्या हातांना मांडीखालून निसटायचंय. तो आणखी जोर देऊन बसतो. सातव्या आवर्तनाला का आठव्या, स्वेटरमधली मुंगी खांद्यावरून दंडात उतरते. दंडातून कोपरात. कोपराशी खूप वेळ थांबते. तिथं बिळं असतील.

मग भाता हलतो. एक बोटभर.

सा येतो. भिकार येतो. फाटका, दमेकऱ्याच्या श्वासासारखा, मध्येच मरणारा. केतननं आयुष्यात ऐकलेला सगळ्यांत वाईट सा. अण्णांचं तोंड त्या आवाजानं जसं व्हायचं तसं होतं, आणि या वेळी केतन ते बघतो. पूर्ण बघतो. ते तोंड नुसतं दुःखाचं नसतंच. ते कामात असलेल्या माणसाचं तोंड असतं. चार दिवसांत त्याला एवढंसुद्धा दिसलं नव्हतं.

"अजून सरगम पुरी व्हायचीय," अण्णा दम खात म्हणतात. "बस. घाई आहे का?"

"नाही."

"मीटिंग?"

"नाही अण्णा. बसलोय."

अण्णांचं बोट रे-कडं सरकतं. कालव्यात कुठंतरी लांब, वळणाच्या पलीकडं, खळखळ ऐकू येते. रे येणार का ते बघायला केतन पुढं वाकतो आणि

"ए केतन, ऊठ की रे. मंडळवाले आलेत."

आई दारात उभी आहे. तिच्यामागं मलठणचे जगदाळे बुवा, आणि त्यांच्यामागं टेम्पोचा आवाज. पाच वाजून गेलेत. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढलाय. पेटीपलीकडं कुणी नाही, फडकं काळी चारवर तसंच पडलंय.

"झोपू दे हो, दमलं असेल पोरगं," बुवा म्हणतात आणि पेटीसमोर ऐसपैस बसतात. "दिगूअण्णांची पेटी. हिच्यावर मी पंधरा वर्षं टाळ कुटलेत." ते उजव्या हाताचं बोट पट्टीवर ठेवतात. डाव्या हातात त्यांच्या पानाची चंची आहे, ती खाली ठेवायची त्यांना कंटाळा असावा. "केतन, भाता मार रे जरा. बघू सूर कसाय."

केतन हात पुढं करायला जातो.

हात येत नाहीत.

तो खाली बघतो. दोन्ही हात मांड्यांखाली आहेत, मनगटापर्यंत रुतलेले, वर त्याचं सगळं वजन. फडक्यानं पुसताना ते तिथं नव्हते. तो अंग उचलून त्यांना बाहेर ओढतो, खांद्यांच्या जोरावर, आणि ते मांडीवर येऊन पडतात. सांभाळायला दिलेलं सामान. बोटं दिसतात, पण कुणा दुसऱ्याची.

"काय झालं?" आई विचारते.

"बधिर झालेत."

"असा कसा बसलास वेड्यासारखा. आण इकडं, चोळून देते." ती वाकते, त्याचं मनगट धरायला.

"नको," केतन म्हणतो.

"अरे, लगेच उतरेल."

"नको आई. थांब. येतोय तो."

बुवा आईकडं बघतात. आई त्याच्या तोंडाकडं बघते. असंच तोंड तिनं अण्णांचं पाहिलेलं आहे, मागच्या वर्षी, चार दिवस. ती भिंतीला टेकून चटईच्या टोकाशी बसते. बुवांचं बोट पट्टीवर तसंच दाबलेलं आहे, हवेची वाट बघत. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देतो, मग इंजिन बंद करतो.

खांद्यापासून मुंग्या निघतात. दंड. कोपर. कोपराशी खूप वेळ. शेवटी करंगळी हलते, आणि केतन डावा हात हळूहळू, कुणाचीही मदत न घेता, उताणा करतो.

तळव्यावर चटई उमटली आहे. लाल, खोल, विणीच्या बारीक बारीक चौकटी, एकाखाली एक, मनगटापासून बोटांपर्यंत. वहीतल्या रकान्यांसारख्या. एकातही खूण नाही.